आईच्या रिपोर्टमधलं ‘पी१६ पॉझिटिव्ह’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सातारा जिल्ह्यातल्या एका ३८ वर्षांच्या शिक्षिकेचं पत्र आहे. तिच्या आईचं वय ६१. पाळी जाऊन दहा वर्षं झाली आणि मध्येच पुन्हा रक्तस्राव सुरू झाला. तुकडा काढून तपासला, तर गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. सध्या लाइट (रेडिएशन) चालू आहे, जोडीला आठवड्यातून एकदा केमो. रिपोर्टवर ‘पी१६ पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय. पी१६ हे कॅन्सर रोखणारं प्रथिन आहे, हे या मैत्रिणीने इंटरनेटवर वाचलं. रोखणारंच भरपूर असेल तर कॅन्सर झाला कसा, हे तिला कळेना. डॉक्टर गर्दीत एवढंच म्हणाले, “एचपीव्हीमुळे आहे.” भावाने तो शब्द मोबाइलवर शोधला आणि ‘शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू’ हे वाक्य घरभर झालं. आत्या कुजबुजायला लागली. वडील जेवताना मान वर करत नाहीत. बाहेर ‘पोटाचा आजार’ सांगायचं, असं भावाने ठरवून टाकलंय. तिच्या नवऱ्याला वाटतं की हे रक्तातच असणार, म्हणून तिची आणि ११ वर्षांच्या मुलीची जनुकीय तपासणी करून घ्यावी. मुलीला एचपीव्हीविरुद्धची लस द्यायचं ठरलं होतं, त्याला आता सासूबाईंची हरकत आहे. तिचे प्रश्न दोन आहेत: ही तपासणी करू का? आणि गप्प राहू की बोलू?

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझी सगळी नोकरी सूक्ष्मदर्शकापुढे, अशाच तुकड्यांच्या काचपट्ट्या बघण्यात गेली. त्यामुळे तुम्ही जिथे अडलात तिथूनच, म्हणजे ‘पी१६’ पासूनच, सुरुवात करते. तुमच्या घरातल्या कुजबुजीचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

पी१६ची तपासणी करताना तुकड्याच्या पातळ कापावर एक रंग चढवतात. ज्या पेशीत हे प्रथिन आहे ती तपकिरी होते, बाकी सगळं निळसर राहतं. निरोगी गर्भाशयमुखाची काचपट्टी जवळजवळ निळीच असते, क्वचित कुठे तपकिरी ठिपका. तुमच्या आईच्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशींचे पुंजकेच्या पुंजके गडद तपकिरी दिसले असणार, एकही पेशी न सोडता. म्हणून ‘पॉझिटिव्ह’. तुम्ही बरोबर वाचलंत, पी१६ हे पेशीच्या वाढीला आवर घालणारं प्रथिन आहे. ते इतकं का साठलं, हा तुमचा प्रश्नही अगदी योग्य आहे.

खंबाटकी घाट उतरणारी एसटी डोळ्यांसमोर आणा. पी१६ म्हणजे ब्रेकवर पडलेला ड्रायव्हरचा पाय. चाकाला प्रत्यक्ष धरून ठेवणारं लायनर म्हणजे आरबी नावाचं दुसरं प्रथिन. पी१६ने पाय दाबला की आरबी पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावर थोपवून धरतं. एचपीव्हीचं एक प्रथिन आहे, त्याचं नाव ई७. ते आरबीला चिकटतं, त्याची पकड सोडवतं आणि त्याला नष्ट करायला लावतं. लायनरच गेलं. गाडी थांबत नाही म्हणून ड्रायव्हर आणखी जोरात पाय दाबतो, पेशी आणखी पी१६ बनवते, आणि तरी गाडी उतारावर सुटलेलीच. काचपट्टीवरचा तो तपकिरी रंग म्हणजे हा वाया गेलेला पाय. म्हणून पॅथॉलॉजिस्ट पी१६ बघून ‘यामागे एचपीव्ही आहे’ असं म्हणतो. त्या शब्दाचा अर्थ तेवढाच. आईची प्रकृती कशी राहील हे त्या एका शब्दावरून ठरवू नका. त्यासाठी कॅन्सर कितव्या टप्प्यात आहे हे विचारा.

विषाणू एवढ्यावर थांबत नाही. पेशीत पी५३ नावाचा आणखी एक राखणदार असतो. त्याची व्यवस्था मला आजही थक्क करते. निरोगी पेशी पी५३ सतत बनवते आणि काही मिनिटांत मोडूनही टाकते. मोडण्याचं काम एमडीएम२ नावाच्या प्रथिनाकडे असतं, आणि ते एमडीएम२ बनवण्याचा हुकूम खुद्द पी५३च देतो. म्हणजे आपल्यावरचा लगाम त्याने स्वतःच घालून घेतलेला. पेशीच्या डीएनएला इजा झाली की हा लगाम सैल पडतो, पी५३ साठतो आणि पेशीला बजावतो: आधी दुरुस्ती, मग विभाजन. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरण पत्करायला लावतो. असा राखणदार कमी पडून चालत नाही आणि विनाकारण जास्त होऊनही चालत नाही. त्याचं नियमन हीच खरी गोष्ट आहे.

एचपीव्हीचं दुसरं प्रथिन, ई६, नेमकं हे नियमन ताब्यात घेतं. ते पेशीतल्याच एका प्रथिनाला हाताशी धरतं. त्या प्रथिनाचं नेहमीचं काम वेगळं असतं, पण ई६ त्याला पी५३कडे वळवतं आणि पी५३वर ‘मोडीत काढा’ असा शिक्का मारून घेतं. हे १९९० साली प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी ई७ आणि आरबीचं नातं उलगडलं होतं. यात पी५३चं जनुक बिघडलेलं नसतं. जवळपास निम्म्या मानवी कॅन्सरांत ते जनुकच बिघडलेलं सापडतं, पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ते बहुधा धड असतं. पेशी प्रामाणिकपणे राखणदार घडवत राहते आणि विषाणू तो घडल्या घडल्या भंगारात घालत राहतो.

याचा पुरावा मला फार बोलका वाटतो. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या ३१ वर्षांच्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून, तिला न विचारता, पेशी घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी ‘हीला’ नावाने आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांत एचपीव्हीचा १८ क्रमांकाचा प्रकार आहे. या पेशींमधली ई६ आणि ई७ बंद केली, तर पी५३ आणि आरबी पुन्हा कामाला लागतात आणि पेशींचं विभाजन थांबतं. अर्धशतक बेफाम वाढलेल्या पेशी! राखणदार मेलेला नव्हता, त्याला उभंच राहू दिलं जात नव्हतं. यावरून रुग्णासाठी औषध तयार झालंय असं मात्र समजू नका. आईचा उपचार लाइट आणि केमोच, आणि तो ठरलेल्या दिवसांत, खाडा न होता पुरा होणं महत्त्वाचं आहे.

आता तुमच्या नवऱ्याच्या शंकेकडे येते. कॅन्सर म्हणजे रक्तात आलेला दोष, हे त्यांनी गृहीत धरलंय, आणि तुम्हीही नकळत धरलंय. काही कॅन्सरमध्ये ते खरं असतं. लहान मुलांच्या डोळ्यांतला रेटिनोब्लास्टोमा घ्या. तिथेही हेच आरबी आहे, पण काही मुलांना त्या जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष मिळालेली असते. दुसरी प्रत बिघडली की गाठ होते. दोन आघातांचा हा विचार आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मांडला. अशा घरात जनुकीय तपासणी मुलांचे डोळे वाचवू शकते. जवळच्या नात्यात स्तनाचे किंवा बीजांडकोशाचे कॅन्सर कमी वयात झाले असतील, आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर पिढ्यान् पिढ्या दिसत असेल, तर जनुकीय समुपदेशकाकडे जरूर जावं. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे या सगळ्याला सरसकट ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात. अस्तराचा वेगळा, बीजांडकोशाचा वेगळा, पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, वेगळा. दवाखान्यातून निघताना नेमका कुठला, हे कागदावर लिहून घ्या.

तुमच्या आईच्या बाबतीत आरबी आणि पी५३ विषाणूने पाडलेत, तेही फक्त त्या जागच्या पेशींत. ती पडझड तुमच्या रक्तात उतरलेली नाही, मुलीच्याही नाही. घरात दुसऱ्या कुणालाही कॅन्सर झालेला नसेल, तर पॅकेजवाल्या जनुकीय तपासणीचे पैसे वाचवा. तिचा निकाल ‘दोष नाही’ असा आला तरी तुमच्या कामाचा नाही. तुम्ही निर्धास्त व्हाल आणि जी तपासणी खरंच करायला हवी ती राहून जाईल.

ती तपासणी म्हणजे एचपीव्ही चाचणी. गर्भाशयमुखावरून ब्रशने नमुना घेतात, पाच मिनिटांचं काम. तुम्ही ३८ वर्षांच्या आहात. तिशीनंतर ही चाचणी करावी आणि निर्दोष आली तर पाच ते दहा वर्षांनी पुन्हा करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती तुमच्या गावात होत नसेल तर सरकारी दवाखान्यात ‘व्हिआयए’ विचारा. त्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा चट्टा उमटतो का बघतात. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा १५-२० वर्षं लागतात, म्हणून हे शक्य होतं. राखणदार नसलेल्या पेशीत चुका साठत जातात, त्यातल्या काही तिला आणखी सैल करतात. विषाणूलाही स्वतःचा एक लगाम असतो, ई२ नावाचं प्रथिन, जे ई६ आणि ई७ला बेतात ठेवतं. पुष्कळदा विषाणूचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात घुसतो तेव्हा नेमका तो लगाम तुटतो. या सगळ्याला वर्षं जातात, आणि एवढ्या वर्षांत एकदा जरी कुणी नीट बघितलं तर तो भाग कॅन्सर होण्याआधीच काढून टाकता येतो.

हे आपल्याच मातीत तपासून झालंय. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही चाचणी दिली, तिथे पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच चाचणी, आयुष्यात! मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या अभ्यासात दहावी-बारावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी व्हिआयए केलं आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या अभ्यासांत तुलनेसाठी काही बायकांना तपासणी दिली नव्हती. त्यावर पुढे टीका झाली आणि मला ती रास्त वाटते. म्हणूनच त्या बायकांमुळे जे कळलं ते आपण वापरलं नाही, तर मला ते फार लागतं.

आता आत्याबाईंची कुजबुज. यामागचं गृहीतक असं, की शरीरसंबंधातून येतो म्हणजे कुणाचं तरी वागणं वाईट. एचपीव्ही इतका सर्वत्र आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतो. दहापैकी नऊ वेळा शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावतं, आणि तो येऊन गेला हे कुणाला कळतसुद्धा नाही. उरलेल्यांपैकी थोड्यांच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो. आयुष्यभर एकाच जोडीदारासोबत राहिलेल्या बाईलाही हा कॅन्सर होतो. अशा कितीतरी जणींच्या काचपट्ट्या मी बघितल्यात. एक कळकळीची विनंती: आईवर रोखलेलं बोट आता वडिलांकडे वळवू नका. विषाणू केव्हा आला, तीस वर्षांपूर्वी की चाळीस, हे सांगणारी कुठलीच तपासणी नाही. वडील मान खाली घालून जेवतात, त्या मानेवर कदाचित संशयापेक्षा अपराधीपणाचं ओझं असेल. त्यांना कुणीतरी हे स्वच्छ शब्दांत सांगायला हवं. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला ते जमेल.

कुठल्या बिचाऱ्याला उगीच गुन्हेगार ठरवलं जातं, ही चूक फक्त घरात होते असं नाही. पी५३ १९७९ साली सापडला आणि पुढची दहा वर्षं शास्त्रज्ञ त्याला कॅन्सर घडवणारा मानत होते. ज्या नमुन्यांवर प्रयोग चालले होते त्यांतला पी५३ मुळात बिघडलेला होता. १९८९च्या सुमारास धड पी५३ हाती आला आणि तो राखणदार निघाला.

सासूबाईंचं म्हणणं मला परकं वाटत नाही. एवढ्याशा पोरीला ‘असल्या’ आजाराची लस, हे त्यांच्या कानाला टोचतं. पण लस त्याच वयात का, याचं उत्तर वर आलंय. लस विषाणूच्या बाहेरच्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते, म्हणजे त्याला दारातच अडवते. एकदा तो आत शिरून ई६, ई७ सोडायला लागला की लसीचा उपयोग नाही. धनुर्वाताची लस आपण मूल पडेल-झडेल म्हणून आधीच देतो. त्याच्या वागण्यावर शेरा मारण्यासाठी नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. ती एचपीव्हीचे १६ आणि १८ हे कॅन्सर घडवणारे मुख्य प्रकार आणि चामखिळी आणणारे ६ आणि ११ हे प्रकार अडवते. ९ ते १४ वयात दोन डोस, त्यानंतर तीन, असं तिचं वेळापत्रक आहे. मुलगी ११ वर्षांची आहे, म्हणजे अगदी योग्य वेळ. सासूबाईंना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, प्रश्न त्यांनाच विचारू द्या. लस घेतली तरी मुलीला पुढे तिशीत तपासणी करावीच लागेल, हे आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा.

उरला तुमचा दुसरा प्रश्न, गप्प राहू की बोलू. भावाला वाईट समजू नका; आईची अब्रू राखतोय असंच त्याला वाटतंय. पण ‘पोटाचा आजार’ म्हटलं की तुमच्या वहिनी, मावश्या, आत्या, शेजारच्या काकू यांपैकी कुणीही तपासणीला जाणार नाही. आत्याबाई तर पन्नाशीच्या पुढच्या. त्यांना बाजूला घेऊन ‘तुम्ही कधी तपासून घेतलंय का’ एवढंच विचारा. माझा अनुभव आहे, या एका प्रश्नाने कुजबुजीचा सूर बदलतो. पाळी गेल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, वास येणारं पाणी जात राहिलं, तर लाजून घरी बसायचं नाही, हेही त्यांना सांगा.

तरी सगळ्यांना सांगावंच, असं मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रात भाऊ काय म्हणतो आहे, नवरा काय म्हणतो आहे, आत्या आणि सासूबाईही आहेत. आई काय म्हणते, हे मात्र एका ओळीतही नाही. आजार तिचा आहे. कुणाला सांगायचं आणि कुठल्या शब्दांत, हे तिनेच ठरवायचं. कदाचित तिला ‘एचपीव्ही’ हा शब्द अर्धवट कानावर पडलाय आणि ती रात्री त्याच्याशी एकटीच झुंजतेय. कदाचित तिला नाव नकोच आहे, फक्त कुणीतरी जवळ बसायला हवंय. लाइट घेऊन आल्यावर बायका थकतात, पोट बिघडतं, लघवीला जळजळतं. हे डॉक्टरांना सांगायलाही त्या संकोचतात. आतून द्यायच्या लाइटची वेळ येईल तेव्हा तर धीर लागतोच. एखाद्या दुपारी ती पडलेली असताना बाकीच्यांना बाहेर पाठवा आणि विचारा, “आई, तुला काय काय माहीत करून घ्यायचंय?”

आया अशा वेळी बहुतेक एकच गोष्ट विचारतात. माझ्यामुळे तुला तर होणार नाही ना? त्याचं उत्तर आता तुमच्यापाशी आहे. जमलं तर त्याआधी तुमच्या चाचणीची तारीख घेऊन ठेवा, म्हणजे तिला ती दाखवता येईल.

तुमची मैत्रीण